गळ्यातला दिवा

नांदगाव खंडेश्वरच्या देवळात माझे सासरे गर्दीत दिसेनासे झाले, तेव्हा प्रथम मी घाबरले नाही. बाबांना हल्ली स्वतःचं नावही आठवत नाही. पण श्रावणी सोमवार त्यांनी कधी चुकवलेला नव्हता, म्हणून मी पूर्ण तयारीनिशी त्यांना आणि सासूबाईंना नेलं होतं. गळ्यात काळ्या दोऱ्यात काडेपेटीएवढं ट्रॅकर, बाबा कुठे आहेत ते माझ्या फोनवर ठिपक्याने दाखवणारं; त्यात सिम, वर बारीक हिरवा दिवा आणि दिव्याचं चित्र असलेलं बटण, रात्रभर चार्ज केलेलं. पिशवीत पॉवर बँक. फोन उघडला, तर ठिपका एसटी स्टँडवर. तिकडे पळत गेले. बाबा नव्हते. मग नीट पाहिलं: ठिपका करडा होता, म्हणजे आम्ही उतरलो तेव्हाची जागा. यंत्र बंद होतं.

परत येऊन सासूबाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तूच तं म्हनलं व माय, दिवा मंद दिसला तं वाढवजा. उनात मंदच दिसे. हात जोडले अन् बटन दाबून वाढवला."

मी म्हटलं होतं ते पॉवर बँक लावून चार्जिंग वाढवा या अर्थाने. त्यांच्या तोंडी दिवा कधी ‘विझवत’ नाहीत, तो ‘वाढवतात’; म्हणजे यंत्र त्यांनीच बंद केलं होतं. चिडायला जागाच नव्हती.

देवळाच्या माइकवरून पुकारा झाला. बाहेर चारी बाजूंना उभ्या तुरीची आणि कपाशीची शेतं, आणि दिवस कलत होता. देवाजवळ मागण्याची मला सवय नाही. करता येईल ते आपण करावं, हा माझा स्वभाव. पण करण्यासारखं सगळं करून झालं होतं. नंदीजवळ बसले आणि म्हणाले, आता तूच पाहा.

थोड्या वेळाने फोन वाजला. ठिपका हिरवा झाला होता, अमरावती रस्त्याच्या कडेला.

आम्ही दोघी तिकडे धावलो. तिथे एक फुलवाली दुकान आवरत होती आणि बाबा तिच्या पोत्यावर ऐटीत बसले होते. ती म्हणाली, "बुढेबाबा सारखे म्हनून राहिले, सांज झाली, दिवा लाव व पोरी. माह्यापाशी कुठला दिवा? यायच्या गळ्यातल्या डबीवर दिव्याचं चित्र दिसलं, तं तेच बटन दाबून धरलं. म्हनलं, बुढ्याचं मन तं राहीन."

सासूबाईंनी बाबांना दटावलं, "मले सोडून कुठी निंगाले होते?" बाबा म्हणाले, "दिवा लावाले."

हा योगायोग की आणखी काही, ते मी ठरवत नाही. यंत्र मी निवडलं, चालवलं, त्याचा मला अभिमान होता. आज अभिमान आहे तो या माणसाचा, ज्याचं नाव पुसलं गेलं पण सांजेचा नेम पुसला गेला नाही. आता सांज झाली की देवघराशेजारी मी ते यंत्र चार्जिंगला लावते. हिरवा दिवा लागला की बाबा हात जोडतात. त्यांच्या मागे मीही जोडते.