पन्ह्याचं पाणी

प्रेम नगरातल्या आमच्या गल्लीत नळाला गढूळ, वासाचं पाणी येऊ लागलं तेव्हा वहिनीला सातवा महिना होता. पाठच्या घरातल्या दोन पोरांना कावीळ झाली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, या दिवसांत कावीळ झाली तर बाईच्या जिवावर बेतू शकतं. आम्ही पाणी उकळून पीत होतो, पण चूळ भरताना घोटभर गेलं तर? आईने ठरवून टाकलं, बाळंतपण होईपर्यंत वहिनीने ग्वाल्हेरला माहेरी राहायचं. वहिनी म्हणाली, "मी नाही जायची. मी गेले की बाकीच्यांनी पीत राहायचं का हे?"

पाण्याच्या ऑफिसचं एकच उत्तर: घरातल्या टाक्या धुवा. म्हणजे घाण तुमची, दोष तुमचा! माझी पत्रकं छापून तयार होती. नळाचं पाणी शुद्ध आहे असं सांगणाऱ्या साहेबांच्या टेबलावर विकतची बाटली असते, हे त्यात ठळक अक्षरांत होतं. ते मी आजही ठळकच छापेन. पण गल्लीने ती वाचून घडी घालून ठेवली.

मग आला चैत्र. आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे सगळी गल्ली. मराठी घरं आमच्यासकट तीनच, बाकी सगळ्या बुंदेली बायका, आणि पन्ह्यावर खरा जीव त्यांचाच. कैऱ्या उकडून झाल्या आणि आई पातेल्यासमोर थबकली. "हे पाणी घालून सवाष्णींना पाजू?"

पाणी उकळून गार करता आलं असतं. आईने वेगळंच केलं. घरोघरी निरोप धाडला: येताना आपापल्या नळाचं पाणी थेट बाटलीत भरून आणा, टाकीतलं नको.

पिठाच्या गिरणीवाली काकी दारातूनच ओरडली, "काए जिज्जी, न्योता तुमाओ और पानी हमाओ?"

"आप आइए तो! पन्हा मेरा ही है."

गौरीपुढे कलिंगड, डाळ, मोगरा. आणि खिडकीत बाटल्या. वहिनीने त्या घरांच्या क्रमाने मांडल्या आणि सगळ्या खिडकीपाशी जमल्या. गल्लीच्या तोंडापासून गिरणीपर्यंत पाणी स्वच्छ. गिरणीच्या पुढच्या प्रत्येक बाटलीत गढूळ. टाकी धुवा म्हणे! गिरणीसमोर नाली आडवी जाते आणि नळाची लाइन तिच्याच खालून. पाइप तिथेच फुटला असणार.

कपाळावर कुंकू तसंच, हातात बाटल्या, अशी सगळी वरात पाण्याच्या ऑफिसात गेली. साहेब म्हणाले, "बहनजी, अर्ज़ी दे जाइए, देखेंगे."

गिरणीवाल्या काकीने गढूळ बाटली त्यांच्यासमोर ठेवली. "अर्ज़ी बाद में, भैया. पहले दो घूँट."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "हे प्यायलात की आम्ही जातो," आई मराठीतच म्हणाली आणि काकीने ते बुंदेलीत, दुप्पट आवाजात सांगितलं. कुणीच हललं नाही. शेवटी साहेबच उठले.

नाली खणली तेव्हा कुजका पाइप सगळ्यांनी पाहिला. नवा घातला. तरी बायकांनी विश्वास ठेवला नाही. दर शुक्रवारी बाटल्या आमच्या खिडकीत येतच राहिल्या. मला राग एवढाच येतो, की स्वच्छ पाण्यासाठी बायकांना पहारा द्यावा लागतो. आणि जीव ओवाळून टाकावासा वाटतो, तो पहारा त्या देतात म्हणून.

वहिनी ग्वाल्हेरला गेली नाही. मुलगी इथेच झाली, ठणठणीत. न्हाऊ घालायला गिरणीवाली काकी रोज येते आणि आईशी रोज भांडते.

"पानी ठंडा है, जिज्जी."

"गरम है! मैंने हाथ डालके देखा है."

"तुमाओ हाथ पत्थर को है. मोड़ी हमें दो."

आणि ती 'मोड़ी', आमची पोर, दोघींच्या मध्ये, तोंडावर आलेलं पाणी चाटत असते. वहिनी बघते आणि तिला चाटू देते.