भाकरी कुणासाठी

इतकी वर्षं झाली, तरी त्या म्हातारीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बेचाळीसच्या चळवळीचे दिवस होते. सातारा जिल्ह्यात गावोगावचे कार्यकर्ते फरारी झाले होते आणि त्यांना पोचणारी भाकरी बंद करा, असा वरून हुकूम होता. मी वाईच्या बाजूच्या एका ठाण्यात बायकांची झडती घेण्याच्या कामावर होते. माझे यजमान हवालदार होते. ते वारल्यावर, चौथी पास म्हणून, मला हे काम मिळालं. संशयित बाई आली की मला पोलीस लाईनीतून बोलावत. झडती घ्यायची, तिच्याजवळ बसायचं, पाणी हवं-नको बघायचं.

खबर अशी होती. एक म्हातारी रोज सकाळी फडक्यात भाकरी बांधून नदीकाठच्या उसाकडे जाते. उसातून एक माणूस बाहेर येतो, भाकरी घेतो आणि ती रिकामं फडकं घेऊन घरी परतते. तिचा मुलगा पलटणीत, लढाईवर गेलेला. घरात सासू आणि सून दोघीच. मग ही भाकरी कुणासाठी?

फौजदारांनी साध्या वेशातले दोन शिपाई पाठवले. त्यांनी घाई केली आणि म्हातारीला वाटेतच धरलं, त्यामुळे उसातला माणूस हाती लागला नाही. घराची झडती झाली, तिथंही काही सापडलं नाही. आता जे काही कळायचं ते म्हातारीच्या तोंडूनच. नाव सांगितलं नाही तर तिला आणि सुनेला साताऱ्याच्या तुरुंगात पाठवायचं, असं ठरलं.

मी झडती घेतली. फडक्यात भाकरी, चटणी आणि कांदा, एवढंच. ती मात्र माहेरी आल्यासारखी इकडेतिकडे बघत होती.

फौजदारांनी आधी गोडीनं विचारलं, "आजी, भाकरी कुणासाठी?"

"त्येंच्यासाठी."

"त्यांचं नाव?"

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि खाली बघत नुसती हसली. तो राहतो कुठं, असं विचारल्यावर म्हणाली, आमच्यातच. घराची झडती तर नुकतीच झाली होती. तिचं स्वतःचं वय विचारलं तर वीस-बावीस असंल म्हणाली. तिच्या तोंडात दात नव्हते. एक शिपाई हसू दाबत म्हणाला, "सायेब, लय पोचलेली हाय ही. माझ्यापरास ल्हान झाली."

फौजदारांचा आवाज चढला. तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. दर वेळी उत्तर निराळं, फक्त नाव मात्र नाही. मग ती रडवेली झाली आणि म्हणाली, "मला जाऊ द्या. त्ये सकाळधरनं उपाशी हायती."

फौजदार मला म्हणाले, बाई, तुम्ही बसा हिच्याजवळ, तुमच्याशी बोलते का बघा. मी तिला आतल्या खोलीत नेलं. तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. म्हातारी सोंग करते आहे, असंही वाटे आणि मग ती सारखी दाराकडे बघे तेव्हा तसं वाटल्याची लाज वाटे. ती पाणी प्याली, तिनं कपाळावर हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "कुकू पुसलं वाटतं माजं. जरा लावतीस का, बाय? असं मोकळ्या कपाळानं त्येंच्याम्होरं कसं जाऊ?"

ती विधवा होती. ठाण्यातल्या सगळ्यांना तिचं मोकळं कपाळ दिसलं होतं. मग तिनं माझ्याकडे निरखून बघितलं.

"तुजं बी पुसलंय की गं. घामानं जातंय. ऱ्हाऊ दे, घरी जाऊन लावू."

मी बाहेर येऊन साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तिच्या लेखी नवरा जिवंत आहे. म्हणून नाव घेत नाही." नवऱ्याचं नाव बाई घेत नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण विधवा बाई नवऱ्याबद्दलच बोलते आहे, हे कुणाच्या ध्यानात यावं?

सुनेलाही ठाण्यात आणलं होतं, तिला आत बोलावलं. ती आधी कबूल होईना. भुताटकीची बाधा म्हणून गाव नाव ठेवील, लोक घरी यायचे नाहीत, म्हणून तिनं हे दडवलं होतं. शेवटी सांगितलं, दोन वर्षांपासून आत्यांचं असं आहे. चूल पेटवायची विसरतात, मला ओळखत नाहीत, पण मामंजींना शेतावर न्यायच्या ती सकाळची भाकरी विसरत नाहीत.

तरी उसातला माणूस राहिलाच होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी म्हातारीला सोडलं आणि मला तिच्यासोबत पाठवलं. शिपाई मागं लांब राहिले. ती बांधावर टेकली. उसाला पाणी पाजणारा एक माणूस बाहेर आला, तिच्यापुढं मांडी घालून बसला आणि भाकरी खाऊ लागला. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

तो भावकीतला होता, शेत आता तोच वाट्यानं करत होता. शिपायांनी धरल्यावर तो हात जोडून म्हणाला, "पयल्यांदा म्या खरं सांगितलं, काकी, काका गेलं. जागच्या जागी कोसळली. आजच गेल्यागत रडली. दुसऱ्या दिशी पुन्ना भाकरी घिऊन हजर. रोज नव्यानं कितींदा मारायचा त्या मानसाला? मग खातो गप."

फौजदारांनी प्रकरण तिथंच मिटवलं. पोलीस पाटलाला बोलावून ताकीद दिली की, वाटेवरच्या घरांनी म्हातारीवर नजर ठेवावी, तिला हटकू नये, चुकली तर हाताला धरून घरी पोचवावी. हिला औषध आहे का, असं सुनेनं विचारलं. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

खबर शब्दन् शब्द खरी निघाली होती. म्हातारी भाकरी नेत होती, उसातून माणूस येत होता, ती नाव लपवत होती. खोटं कुणीच बोललं नव्हतं, म्हातारीसुद्धा नाही. तरी आम्ही तिला तुरुंगाच्या दारापर्यंत नेलं होतं. पुढं नोकरीत कुणी असं भांबावलेलं माणूस आलं की मी त्याला आधी प्रश्न विचारत नसे. ते कुठल्या दिवसांत आहे हे बघत बसे. कधी कळे, कधी कळत नसे.

पुढं एकदा सून बाजारात भेटली. आता भाकरी मीच थापून देते, म्हणाली. "आत्या उशीर करायला लागल्या की म्हणते, बिगीबिगी जावा, वाट बगत असतील." सांगताना हसली आणि मग तिचं तिलाच कसंसं झालं. "बरोबर करते का वो मी?"

मी तिचा हात धरला. बरोबर करतेस म्हणाले. त्याहून जास्त मला आजही सुचत नाही.