आंबिवलीला न थांबणारी गाडी

लग्न होऊन नागपूरला निघाले तेव्हा मला सोडायला कल्याण स्टेशनवर फक्त घरची माणसं आली होती. माझ्या मैत्रिणी संगी आणि वैशू आल्या नव्हत्या, कारण त्या आंबिवलीला उभ्या होत्या. ही आमच्या चाळीची जुनी पद्धत. आमचं स्टेशन कल्याणच्या पुढे, कसाऱ्याच्या वाटेवर. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे थांबत नाहीत, धडधडत निघून जातात. म्हणून चाळीतलं कोणी परगावी निघालं की मोठी माणसं कल्याणला जायची आणि पोरंटोरं आंबिवलीच्या फलाटाच्या टोकाला. तेही कल्याणकडे जाणाऱ्या फलाटाच्या, कारण तिथे छपराचा पत्रा लवकर संपतो आणि माणूस उघड्यावर नीट दिसतो. जाणाऱ्याने उजवीकडच्या दारात उभं राहायचं.

गाडी सुटताना पप्पा म्हणाले होते, “अगं, दीक्षाभूमीच्या गावाला चाललीस, रडतेस काय?” आणि स्वतःच चष्मा काढून पुसत बसले. मी दारात गेले. आंबिवली आलं तशी संगीने काठीला बांधलेली पिवळी ओढणी दिसली. शेजारी वैशू तोंड फाडून काहीतरी ओरडत होती. काय ते कळायच्या आत दोघी मागे गेल्या. त्यानंतर आम्ही तिघी एकत्र अशा कधी भेटलोच नाही. दोघी भेटायचो, कधी या दोघी, कधी त्या दोघी. तिसरीचं दर वेळी काहीतरी निघायचंच.

आता माझी मुलं “काय करून राहिली, मम्मी?” असं विचारतात आणि मीही त्यांना तसंच उत्तर देते. रविवारी सकाळी तर्री-पोहे नसले तर मला चुकल्यासारखं वाटतं. पप्पा गेल्यावर चाळीतली खोली सुटली आणि आई भावाकडे डोंबिवलीला राहायला गेली. आंबिवलीत उरली ती एकटी संगी. वैशू लग्न करून ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ.

मध्यंतरी संगीने फोनवर कळवलं, “चाळ पाडतायत. आम्ही खडवलीला घर घेतलंय. मी इथून हलायच्या आत तिघी एकदा भेटू या ना.” मी त्याच दिवशी तिकीट काढलं. शनिवारी सकाळी पोचायचं, रविवारी संध्याकाळी परत. शनिवार आईचा, रविवार आमचा.

पण भेटायचं कुठे, यावर आमच्या ग्रुपवर जो घोळ चालला, तो काही विचारू नका. संगी म्हणे माझ्याकडे या, वैशू म्हणे ठाण्याला या. संगीकडे गेलो की बाईसाहेब दिवसभर ओट्यापाशी आणि आम्ही दोघी खाटेवर, हे मला नको होतं. शेवटी वैतागून मीच लिहिलं: रविवारी अकरा वाजता, ठाणे, तलावपाळीजवळचं हॉटेल, विषय संपला. दोघींनी होकाराचे अंगठे टाकले.

रविवारी मी साडी नेसून तयार, आणि भाऊ चहाचा कप हातात घेऊन म्हणतो कसा, “ताई, निघालीस कुठे? आज मेगाब्लॉक आहे.”

मी खाली बसलेच. रुळांच्या कामासाठी रविवारी गाड्यांचे हाल होतात, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. आमच्याकडे लग्नाचा मुहूर्तसुद्धा ब्लॉक बघून ठरतो. आणि चाळीत दर शनिवारी पेपरातली ब्लॉकची बातमी मोठ्याने वाचून दाखवणारी कोण, तर मी! कोणाला कुठे जायचं असेल तर आधी मला विचारायचे. ती मी, चांगल्या शहाण्या बाईसारखी, रविवार ठरवून मोकळी झाले होते.

संगीला फोन लावला. तिकडच्या लोकल रद्द होत्या, म्हणून ती रिक्षाने कल्याणपर्यंत येऊन तिथेच अडकली होती.

“तू तरी बघायचंस ना!” मी खेकसले.

“मला वाटलं तू बघितलं असशील,” ती म्हणाली. “नेहमी तूच बघायचीस ना गं.”

रेल्वेचा आला नसेल इतका राग मला या वाक्याचा आला. माझ्यावर अजून असा भरवसा ठेवायला हिला सांगितलं कोणी? आणि ती वैशू तर ठाण्यातच राहणारी, तिला काय, घरून निघाली आणि चालत हॉटेलात जाऊन बसली. मला डोंबिवलीहून कशीबशी एक गाडी मिळाली, तर डब्यातल्या एका आजोबांनी वर “आज कशाला बाहेर पडलात?” असं विचारलंच.

मी ठाण्याला पोचले तोवर दुपार टळून गेली होती. वैशू चार खुर्च्यांचं टेबल अडवून, वेटरच्या नजरा झेलत बसली होती. आम्ही मिठी मारली, रडलो, आणि लगेच संगीला व्हिडिओ कॉल केला. तर ती कल्याणच्या फलाटावरून डबा उघडून दाखवतेय. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. “बघा नुसत्या,” ती म्हणाली. “इथून गाडी कधी निघेल सांगता येत नाही, आणि सासूबाई घरी एकट्या आहेत. मी माघारी जाते.” तो डबा पडद्यावर बघताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांतूनही आलं. मला अर्ध्या तासात उठायचं होतं, डोंबिवलीहून बॅग घ्यायची होती, संध्याकाळची गाडी होती.

निघताना वैशू म्हणाली, “तू दारात उभी राहा. ब्लॉक संपला की मी संगीकडे जाते. आम्ही दोघी उभ्या राहतो, जुन्यासारख्या.”

म्हणजे बेत केला मी, नागपूरहून आले मी, आणि भेटणार त्या दोघी.

आईने डोंबिवलीलाच निरोप दिला. “पोचलीस की फोन कर,” इतकंच म्हणाली, दर वेळी म्हणते तसं. कल्याणला भावाने बॅग चढवली. गाडी सुटली तशी मी उजवीकडच्या दाराशी गेले. तिथे एक बाई गाठोड्यावर बसली होती. “बाहेर बघायचंय जरा,” म्हटल्यावर ती सरकली. अजून चांगला उजेड होता. मी दांडा घट्ट धरला. शहाड गेलं.

आणि समोरून मालगाडी आली. काळे, बंद डबे, एकामागून एक, संपायचं नाव नाही. अख्खं आंबिवली त्या डब्यांच्या पलीकडून गेलं. मालगाडी संपली तेव्हा झाडं होती आणि टिटवाळ्याकडचा रस्ता. मी त्या मालगाडीला काय शिव्या घातल्या ते इथे लिहीत नाही.

फोन वाजला. संगी धापा टाकत होती, मागे वैशू हसत होती.

“दिसलो का गं?”

“दिसलात,” मी म्हणाले.

“मेली मालगाडी मध्येच आली ना, आम्हाला वाटलं गेलं सगळं. ओढणी दिसली?”

“दिसली की. पिवळी.”



“पिवळी कधीच फाटली गं,” ती म्हणाली. “आज वैशूची हिरवी होती.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तीच म्हणाली, “बरं, ऐक. पुढच्या खेपेला मी खडवलीला असेन. तिथेही तुझी गाडी थांबत नाहीच. मी उभी राहते. तू फक्त ब्लॉक बघून ये.”

तुम्ही जे तिथेच राहिलात ते आम्हाला विचारता, घरची आठवण येते का. येते, आणि तिच्यासोबत चीडही येते. माझ्यासारख्या निघून गेलेल्यांना ही चीड ठाऊक असेल. खोली गेली, चाळ जाईल, आणि आता संगीही तिथून हलणार. घर म्हणून मला दाखवता येईल असं तिथे काही उरणार नाही. त्या दोघी मात्र आज माझ्यासाठी फलाटावर उभ्या राहिल्या होत्या, आणि मला त्या दिसल्या नव्हत्या.

गाठोडंवाली बाई म्हणाली, “बसा आता, झालं ना बघून?” मी नाही म्हटलं. टिटवाळा गेलं, मग खडवली आलं. मी अजून उजवीकडच्या दारातच होते. पलीकडच्या फलाटावरचा पत्रा कुठे संपतो, ते मी नीट बघून ठेवलं.