नारळाची परीक्षा

आटपाडीजवळच्या आमच्या गावात मी दर महिन्याला एका रविवारी विज्ञानाचा कार्यक्रम घेते. शाळेत विज्ञानच शिकवते. कधी दुर्बिणीतून शनीची कडी, कधी सूक्ष्मदर्शकाखाली टँकरचं पाणी. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे हौसेनं यायचे. जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या पाणाड्याला बोलावलं तेव्हा मात्र गाव बिथरलं.

तळहातावर नारळ घेऊन तो रानातनं फिरतो. नारळ उभा राहील तिथं बोअर मारायची. आमच्या सासऱ्यांनी नव्या बोअरची जागा त्याच्याकडूनच ठरवून घेतली होती. मी त्याला म्हटलं, "काका, रविवारी सगळ्यांसमोर दाखवा. पोत्याखाली पिंपं झाकून ठेवते, एकच भरलेलं. नारळाला पाणी कळत असेल तर तिथंही कळेल."

तो हसत तयार झाला. पण रविवारी समाजमंदिराला कुलूप! "देवाधर्माची परीक्षा इथं चालणार न्हाई," सरपंचांनी सांगितलं.

"मग बाहेर पटांगणात घेते," मी म्हटलं आणि पिंपं बाहेरच मांडायला लावली. कुठलं भरलंय ते मलाही कळू नये म्हणून मी पाठ करून उभी राहिले.

नारळ ताठ उभा राहिला. पोतं उचललं, पिंप कोरडं. पुन्हा फिरला, पुन्हा कोरडंच.

पाणाड्या तडकला. "जिवंत झरा लागतोय नारळाला. पिंपातलं पाणी मेलेलं असतंय!"

मागून एक म्हातारी ओरडली, "आवं, मग आमी टँकरचं मेलेलंच पितोय की रोज!"

पटांगण हसलं. मला वाटलं, जिंकले.

पण सासऱ्यांनी पाणाड्यानं रानात दाखवलेल्या जागेवरच बोअर मारली, आणि तिला पाणी लागलं. गुलाल उधळला गेला. बाजारात लोक मला थांबवून विचारायचे, "काय मॅडम, बुडालं का विज्ञान?" स्वयंपाकघरात मी रागानं रडले. नवरा म्हणाला, "आता काही दिवस बंद ठेव." मी म्हटलं, "आता तर मुळीच नाही."

पुढच्या वेळी जेमतेम ओळभर माणसं आली. बरीचशी मजा बघायला. सासरेही मागं येऊन बसले. मी सरळच विचारलं, "नारळ फिरवून मारलेली बोअर कुणाची कोरडी गेली? हात वर करा."

कुणी हात वर करेना. कोरड्या बोअरची लाज घराघरात पुरलेली असते. मी तशीच उभी राहिले.

मग सासऱ्यांनी हात वर केला. "माझी पहिली गेली. ह्या सूनबाई यायच्या आधी. हाच नारळ, हाच माणूस."

इतक्या वर्षांत हे घरात कुणी बोललं नव्हतं. मग शेजारचा हात वर गेला, त्याच्या मागचा, मग बायकांमधले दोन-तीन. मी फळ्यावर खडकाच्या भेगा काढल्या. पाणी कुठं साठतं, एकाला लागून शेजारच्याला का लागत नाही, ते समजावलं.

घरी जाताना सासरे म्हणाले, "तरी मी नारळ फिरवणार हाय."

"फिरवा. मी विचारायचं थांबणार नाही."

"थांबू नगंस," ते म्हणाले आणि पुढं चालू लागले.

परवा जतकडच्या एका शिक्षिकेचा फोन आला. "आमच्याकडं याल का? पण लोक लय चिडतील, आत्ताच सांगते."

"चिडू देत," मी म्हटलं. "बसायला सतरंज्या तेवढ्या जास्त मागवा."