रिअॅक्टरच्या नंबरावर दुसरंच कोणी

स्क्रीनवर सत्तर. वॉकीटॉकीवर संतोष सांगत होता, ब्याऐंशी.

महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये मी उभा होतो. रिअॅक्टर म्हणजे रसायन शिजवायचा बंद हंडा. स्क्रीनवरचा आकडा सकाळपासून अडकत होता, म्हणून संतोष नावाचा ऑपरेटर हंड्याला चिकटून काट्याचं मीटर वाचत होता आणि पाण्याचा छोटा व्हॉल्व्ह हाताने सांभाळत होता. जास्त थंड पाणी सोडायचा हुकूम कंट्रोल रूममधून जायचा. तोही आज पोचत नव्हता. तापमान नव्वद अंशांच्या पुढे गेलं की हंडा कोणाचं ऐकत नाही.

"संतोषला खाली बोलवा ना," मी म्हणालो.

"मग व्हॉल्व्ह कोण धरणार, तुम्ही?" मॅनेजर जोगसाहेबांनी विचारलं.

एरवी आम्हा नेटवर्कवाल्यांना हरवलेला प्रिंटर शोधायला बोलावतात. एवढी मोठी भूमिका कधी मिळत नाही. मी चेहरा गंभीर केला आणि लॅपटॉप जोडला.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी अॅड्रेस असतो, घर नंबरासारखा. स्कॅन करायचं म्हणजे एकेका नंबराला हाक मारायची आणि कोण ओ देतं ते बघायचं. शिवाय यंत्राच्या अंगावर जन्मखूण असते, तिला मॅक अॅड्रेस म्हणतात. रिअॅक्टरच्या कंट्रोलरला हाक मारली, ओ आली. पुन्हा मारली, ओ आली, पण जन्मखूण वेगळी. एकाच घर नंबरावर दोघं राहत होते. स्क्रीन तापमान विचारायची, दार भलताच उघडायचा, आणि ती बापडी जुना आकडा धरून बसायची.

"सगळ्या वायरी उपटा," साहेब म्हणाले.

"त्यातल्याच एकीवर पाण्याचा पंप आहे."

साहेब वायरींपासून लांब झाले.

"शहाऐंशी, साहेब," वॉकीटॉकी बोलला. "व्हॉल्व्ह फुल हाय. आता हात भाजतोय."

सगळ्या वायरी ज्या डब्यात येतात तो स्विच. त्या पाहुण्याची वायर कुठली, हे मी त्याला विचारलं. उत्तर आलं, गेट. मी धावलो.

गेटाला लागून गावदेवाचं ठाणं आहे, कंपनीच्याही आधीचं. त्याच्यावर रोखलेला नवा कोरा कॅमेरा. वॉचमन पवारकाका आडवे आले.

"देवाचा हाय तो. मुंबईची माणसं मोबाइलवर दर्शन घेतात. पायात बूट हायत तुमच्या."

वाद घालण्यापेक्षा बूट काढणं लवकर झालं असतं. काढले, आणि वायर खेचली.

पवारकाकांच्या वॉकीटॉकीवर जोगसाहेबांचा आवाज आला. "स्क्रीन हलली. एकोणनव्वद. पाणी सोडलंय." मी वॉकीटॉकीला कान लावला. मग, "अठ्ठ्याऐंशी."

मी मोज्यांवर तिथेच बसलो.

थोड्या वेळाने संतोष गेटवर आला, शर्ट पिळून काढावा असा. जमा केलेला मोबाइल त्याने घेतला तोच वाजला. त्याची आई, मुंबईहून, लालबागमधून. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"संतोष, देव दिसत नाय रे. कुठं गेला?"

"हाय गो आये, हितंच हाय." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कॅमेरा त्यानेच काल रात्री जोडला होता.

"नंबर कुठला दिलास?" मी विचारलं.

"आमच्या कंट्रोलरचा. सगळ्या प्लांटात तोच एक कधी बंद पडत नाय."

कॅमेऱ्याला मी वेगळा नंबर दिला आणि प्लांटच्या नेटवर्कबाहेर काढला. हल्ली कुठल्याही कंपनीत गेलो की सगळे मला सर्व्हर रूम दाखवायला नेतात. मी आधी विचारतो, तुमचा देव कुठे बसवलाय?