रेसच्या दांड्याची तार

गेल्या दिवाळीत नातवाने नवी गाडी दाखवायला मला शेजारी बसवलं. परभणी मागे पडून मोकळा रस्ता लागला तसं त्याने एक बटण दाबलं आणि पाय वर घेतला. म्हणाला, "आजोबा, आता ती आपला वेग आपणच धरते. आपण नुसतं चाक धरायचं." मी विचारलं, "मागे ट्रॉली असली आणि पुढे उतार आला तर?" तो हसला. मला हसू आलं नाही. नुसतं चाक धरायचं, हे शब्द मी नोकरीत एकदा ऐकले होते, एका बाईच्या जबानीत. ते प्रकरण आठवलं की या वयातही माझं डोकं तापतं, आणि तापू दे.

निजामी जाऊन दहाएक वर्षं झाली होती. येलदरीला पूर्णेवर धरणाचं काम निघालं होतं आणि मी त्या अंगाच्या एका ठाण्यात फौजदार होतो. ठाणं म्हणजे कौलारू दोन खोल्या, एक कोठडी आणि दारात लिंबाचं झाड. फिर्यादी आणि आरोपी दोघेही त्याच झाडाच्या सावलीला बसत, आणि निम्मे तंटे तिथेच मिटत. माझा जमादार निजामाच्या अमलापासून खात्यात होता. राज्य बदललं, टोपी बदलली, पण त्याची दखनी काही सुटली नव्हती.

खाणीतून दगड पुरवणारा एक खासगी गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, होता. त्याचे ट्रॅक्टर दगडाने भरलेल्या ट्रॉल्या ओढत. एका सकाळी त्याचा मुकादम धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, डायवर दारू पिऊन व्हता. ट्रॅक्टर नाल्यात घातला अन् सोता मेला."

हे वाक्य नीट वाचा. खबर घेऊन येणारा साधा माणूस आधी काय झालं ते सांगतो. कोणाची चूक ते जो आधी सांगतो, त्याला मी बसायला सांगतो आणि जाऊ देत नाही. मुकादमालाही तसाच सोबत घेतला.

खाणीपासून नाल्यापर्यंत लांब उतार आहे. खाली ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकमेकांत मुडपून पडले होते. ट्रॉलीने मागून रेटा देऊन ट्रॅक्टरलाच आडवं केलं होतं. ड्रायव्हर सीटपाशी नव्हता, ट्रॉलीच्या दगडांखाली होता, आणि अंगाला घोंगडी गुंडाळलेली. भर सकाळी घोंगडी पांघरून कोणी ट्रॅक्टर हाकतो का? गळ्यात तुळशीची माळ होती. सदऱ्याच्या खिशात पक्कड होती. सीटजवळ दारूची बाटली पडलेली होती, पण तिला ओरखडाही नव्हता. ट्रॅक्टरचे दोन्ही दिवे फुटले, चाक वाकलं आणि काचेची बाटली तेवढी शाबूत. जमादार तिच्याकडे बघून म्हणाला, "साब, ये बाटली चालत आली वाटतं." पंचनाम्यात मी बाटलीची अवस्था दोन ओळींत लिहिली आणि मुकादमाची सही घेतली.

रस्त्याच्या कडेला मयताची बायको बसली होती. उजवा हात मोडला होता, तो तिने पदराने गळ्यात बांधला होता. ती रडत नव्हती. तिचा भाऊ शेजारी उकिडवा बसून तिच्या कानाशी काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवून नाही म्हणत होती. हात बांधून घ्यायला आधी तिला दवाखान्यात पाठवलं आणि मग ठाण्यात बोलावलं.

ती आली. भाऊही आला. मी लिहायला घेण्याआधीच भाऊ बोलला, "साहेब, दाजी पिऊन व्हते. अक्का मागं बसली व्हती. तिला काय बी म्हाईत न्हाई." मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, "व्हय म्हण की अक्का. मेलेला माणूस काय परत यायलाय का? मुकादमानं शब्द दिलाय. तू बी सुटशील, काम बी राहील."

बाई माझ्याकडे बघत म्हणाली, "ह्याला भायेर घाला, मंग सांगते."

भावाला बाहेर काढलं. तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहून घेतलं होतं, आणि आजही मला ते तसंच्या तसं येतं.

"चाक माज्या हातात व्हतं साहेब. त्यांना हिवताप व्हता. नागा केला की गुत्तेदार म्हणतो, उद्यापासून येऊ नको. आमी आधी गाडीवाले. बैलगाडीत हे दमले की मागं निजायचे, मी कासरा धरायची. इथं बी तसंच केलं. रेसचा दांडा, इंजनाचा वेग धरायचा, तारेनं बांधलेला. ट्रॅक्टर आपल्या चालीनं चालायचा, नुसतं चाक धरायचं. सपाटीला मी लय डाव धरलंय. उतार आला की ते उठून म्होरं यायचे, पक्कडीनं तार सैल करायचे, रेस कमी करून बारका गिअर टाकायचे. खाली गेलं की तार परत आवळायचे, गुत्तेदाराला दिसू नये म्हणून. आज मी हाका मारल्या, ते उठलेच न्हाईत. तापात व्हते. मागून कुणी ढकलायलंय आसं वाटाया लागलं. मी बिरेक दाबला. म्होरलं थांबाया लागलं, मागलं थांबंना."

मी दौत बाजूला सारली. तिला स्पष्ट सांगितलं, "बाई, हे लिहिलं तर गुन्हा तुमच्यावर येतो. भाऊ म्हणतो तसं सांगितलं तर तुम्ही आज घरी जाल. समजलं का?"

"समजलं. लिवा."

"तुरुंग होईल."

"होऊ द्या. मी चुकले आसंन तर मला आत घाला. पण त्यांना दारुड्या म्हणू नका. माळ घातलेला माणूस हाय. जित्तेपणी थेंब शिवला न्हाई, अन् मेल्यावर मी पाजू का?"

नोकरीत मी शेकडो माणसं तपासली. सगळी सुटण्यासाठी खोटं बोलत. अडकण्यासाठी खरं बोलणारी मला ही पहिली भेटली, आणि मला तिचा फार अभिमान वाटला, हे फौजदाराने लिहू नये असं असलं तरी लिहितो.

दुपारी गुत्तेदार स्वतः आला. पांढरे स्वच्छ कपडे, बोलणं लोण्यासारखं. बाईची जबानी त्याच्या कानावर गेलीच होती. म्हणाला, "बाईनंच कबूल केलं म्हणं. लायसन न्हाई, काही न्हाई. मंग मिटलं की साहेब. आमची काय चूक?"

मी म्हणालो, "सकाळचा दारुडा दुपारपर्यंत कुठे गेला?"

मग वरच्या साहेबांशी आपलं उठणंबसणं आहे, हे त्याने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. मी चहा मागवला नाही.

आता प्रश्न तारेचा होता. नाल्यातल्या ट्रॅक्टरवर तार नव्हती. पण दांड्यावर गंज आणि तेलाचं किटण बसलेलं, आणि त्यात मधेच एक चकाकती पट्टी होती, तारेच्या वेढ्याएवढी. मी आणि जमादार न सांगता खाणीवर गेलो. तिथे दोन ट्रॅक्टर उभे होते. दोन्हींच्याही दांड्यांवर तीच चकाकती पट्टी, त्याच जागी, आणि तार नाही. गुत्तेदाराचा मिस्त्री फडक्याने हात पुसत म्हणाला, "तार? कसली तार साहेब?" तार काढता येते, पण तिने घासलेली जागा परत गंजायला वेळ लागतो. पण नुसत्या घासल्या जागेवर कोर्टात खटला उभा राहत नाही, हे मलाही कळत होतं.

परत निघालो तर जमादार खाणीच्या तोंडाशी थांबला. "साब, एक नाल्यात, दो यहाँ. इसके तो चार ट्रॅक्टर थे ना? चौथा किधर हाय?"

चौकशी केली तर कळलं, चौथा ट्रॅक्टर देवगाव फाट्यावर टायर फुटून पडला होता. तिथवर कोणाचा हात पोचला नसेल, अशी आशा धरून आम्ही मिळेल त्या मालमोटारीत बसून गेलो. ड्रायव्हर ट्रॉलीच्या सावलीला आडवा झाला होता. अपघाताची खबर त्याला नव्हती. आणि रेसच्या दांड्यावर जाड तारेचे घट्ट वेढे, टोकं आत दुमडलेली, जशीच्या तशी. मी फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला आणि एका प्रवाशाला पंच केलं आणि पंचनामा तिथेच रस्त्यावर बसून लिहिला.

त्या ड्रायव्हरला विचारलं, तार कशाला? तो म्हणाला, "मालकाचा हुकूम. आमी उतारावर रेस कमी करतो, त्यानं खेपा कमी व्हत्यात म्हणं. पण साहेब, मागं वझं असल्यावर उताराच्या आधीच हळू व्हावं लागतं. रेस खाली घ्यायची अन् बारक्या गिअरात टाकायचं, मंग इंजन सोता वझं धरून ठेवतं. रेस बांधलेली आसली की गिअर पडत न्हाई. नुसता बिरेक मारला की ट्रॉली तुमच्या अंगावर येती." मला वाटतं, आजच्या कोणत्याही बटणाच्या गाडीला एवढं ज्ञान पुरेसं आहे.

ठाण्यात मिस्त्रीला समोर बसवलं, तार टेबलावर ठेवली आणि मी दुसऱ्याच एका बैलचोरीच्या तपासाचे कागद लिहायला घेतले. एक शब्द विचारला नाही. मारझोड करणारे अधिकारी मी पाहिलेत. त्यांना जे ऐकायचं असतं तेच आरोपी बोलतो. गप्प बसलं की माणूस स्वतःचं बोलतो. मिस्त्रीने आधी तारेकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत तारेकडे. शेवटी म्हणाला, "साहेब, मी नोकर माणूस. मालकानं बांध म्हणलं, मी बांधली. सकाळी काढ म्हणलं, काढली. बाटली मुकादमानं ठिवली, त्यात मी न्हाई."

प्रकरण उलगडलं. आणि लगेच वरून निरोप आला. बाईवर चार्जशीट पाठवा, गुत्तेदाराचं नाव घालू नका, काम देशाचं आहे, अडथळा नको. मी उलट निरोप दिला, काम देशाचं आहे, मेलेला माणूसही देशाचाच आहे. चार्जशीट लिहिली. पहिला आरोपी गुत्तेदार, हयगयीने माणूस मारल्याबद्दल. मग खोटा पुरावा रचल्याबद्दल मुकादम आणि मिस्त्री. शेवटी बाई. तिचं नाव गाळा असं जमादारसुद्धा म्हणाला होता. मी गाळलं नाही. तिने जे ताठ मानेने सांगितलं ते खोडायचा मला अधिकार नव्हता.

कोर्टात मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. ती म्हणाली, "चाक धरलं व्हतं ते कबूल. माज्या नवऱ्याला मी मारलं हे न्हाई कबूल." तिला कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. ती बाकावर पाठ न टेकता बसली. गुत्तेदाराला कैद झाली. पुढे अपिलात ती बरीच कमी झाली, तेही सांगतो, लपवत नाही. पण निकालात एक वाक्य होतं, मयताने मद्य घेतलेलं नव्हतं. मी ते बाहेर येऊन बाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आनिक एक डाव वाचा. माज्या भावाला ऐकू द्या." मी मोठ्याने वाचलं. भाऊ जमिनीकडे बघत ऐकत होता.

मग माझ्या बदलीचा हुकूम आला. ती थांबवायला मी अर्ज केला नाही, कोणाच्या दारी गेलो नाही. सामान बांधलं. खात्याची जीप मिळाली, मागे छोटी ट्रॉली जोडून त्यात माझा संसार रचला. त्या जीपलाही हाताने रेस धरून ठेवायचं एक बटण होतं. बाहेर ओढलं की गाडी आपल्या चालीने चालायची. ड्रायव्हरने ते ओढलं होतं आणि निवांत विडी ओढत होता.

खाणीच्या उताराच्या माथ्यावर एक बाई रस्त्यात मधोमध उभी होती. उजवा हात किंचित वाकडा सांधलेला. बाजूला दगड भरणाऱ्या बाया टोपल्या उलट्या घालून त्यांवर बसल्या होत्या. नवा गुत्तेदार आला होता, पण ज्या ट्रॅक्टरच्या दांड्यावर तार दिसेल त्याच्या ट्रॉलीत एक दगड पडणार नाही, हा नियम या बायांनी घातला होता आणि तो चालत होता, हे मला तिथेच कळलं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. ती हलली नाही. त्याने डोकं बाहेर काढून ओरडून सांगितलं, "फौजदार साहेब बसलेत आत, बाजूला व्हय."

ती म्हणाली, "साहेब आत हायत म्हणून मागलं वझं हलकं व्हत न्हाई. रेस सोडा."

तिने मला ओळखलं होतं. ओळखलं होतं म्हणूनच ती हलत नव्हती, असं मला वाटलं. मी हात पुढे करून ते बटण स्वतः आत दाबलं. ड्रायव्हरने बारका गिअर टाकला. मग ती बाजूला झाली आणि आम्ही सावकाश खाली उतरलो.

दिवाळीच्या त्या दिवशी परतताना पुढे उतार आला. मी नातवाला म्हणालो, "बटण सोड." तो म्हणाला, "आजोबा, मागे काहीच नाहीये." मी म्हणालो, "असू दे, सोड." त्याने सोडलं आणि पाय खाली ठेवला.