आडनावातला ळ
लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेल्या हळदीचा वास आला आणि मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरातलं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवलं. चुलतभावाला केळीच्या धंद्यासाठी स्वतःच्या नावाचं डोमेन हवं होतं, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आणि तोही देवनागरीत, कारण बाकीचे व्यापारी इंग्रजीवाले. बाहेर पॉवरलूमचा खडखडाट, आत उदबत्तीचा धूर, आणि नियम आपणच केल्याच्या थाटात दुकानदार सांगत होता: मध्ये जागा सोडायची नाही, डॉट द्यायचा नाही, एकदा नोंदलं की अक्षर बदलत नाही. एवढं ज्ञान पाजळून त्या गाढवाने नाव नोंदवूनही टाकलं. सोबत आलेल्या काकांनी चष्मा वर सरकवून स्क्रीनकडे पाहिलं. "आपला ळ कुठे गेला?" आमच्या आडनावातला ळ काढून त्याने ल ठोकला होता. "अंकल, हिंदी में ये अक्षर होता ही नहीं." मी म्हटलं, नियमात ळ चालतो, वाचा तरी. त्याने बापजन्मात नियम वाचले नव्हते. काका म्हणाले, "दुसरं नाव घ्या, ळ घालून." भावाला घाई. "राहू द्या ना बाबा, क्या फरक पड़ता है." काका उठले आणि एकटेच रिक्षात जाऊन बसले. ते डोमेन मुदत संपून केव्हाच गेलं, भावाला त्याची आठवणही नसेल. पण आज त्याच्या मुलीच्या पत्रिकेवर आडनाव ल घालून छापलंय, आणि वर, कैलासवासी काकांच्या नावातही तोच ल आहे.